साबण बंद, चहा फिका

विठ्ठलवाडी,
१४ डिसेंबर

प्रिय संजीवनीताईस नमस्कार,

तुमच्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो, सगळे ऐकतात, म्हणून हे लिहून पाठवतेय. काळजी करू नकोस, मी आता बरी आहे.

खाली खाज सुटायची, पांढरं जायचं, हे वर्षभर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मीच अस्वच्छ आहे असं वाटून दिवसातून तीनदा साबणाने धुवायचे. मोबाईलवर बघून कच्चा लसूण खाल्ला, कसल्याकसल्या कॅप्सूल मागवल्या. दिवाळीत तू मला बाजूला घेऊन काय होतंय विचारलंस आणि ऐकून म्हणालीस, "किर्ती, मलाही झालं होतं गं. लाजू नकोस, डॉक्टरकडे जा." तेवढ्यानेच मला धीर आला.

इथल्या डॉक्टरबाई तपासून म्हणाल्या, "अहो, तुम्ही अस्वच्छ नाही, उलट जास्त धुताय. साबण आधी बंद करा." मग रक्त तपासलं, तर साखर खूप वाढलेली. त्यामुळेच खाली बुरशीचा संसर्ग परत परत होत होता. मी तिथेच रडले.

आता गोळ्या चालू आहेत. कामावर जीन्सऐवजी सुती सलवार घालते. गोड बंद केलंय. आमचे हेसुद्धा माझ्यासोबत बिनसाखरेचा चहा पितात, तोंड वाकडं करून. महिना झाला, खाज नाही. ताई, तू विचारलं नसतंस तर मी अजून लपवतच बसले असते.

आईला हल्ली सारखी तहान लागते म्हणालीस ना? तिचीही साखर तपासून घे. नाही म्हणाली तर मला कळव. मी सुट्टी टाकून येईन आणि स्वतः घेऊन जाईन तिला.

तुझ्यामुळे बरी झालेली,
किर्ती