पाक गिमान यांना घरी सोडण्यासाठी कोणीही प्रशिक्षक नेमण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा व युवक अधिकारी,
जिल्हा कार्यालय, कारांगवारू,
पूर्व जावा.

विषय : ‘पर्सेवारू’ फुटबॉल संघास तातडीने पुढील प्रशिक्षक नेमून मयत प्रशिक्षक पाक गिमान यांना कामातून मोकळे करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील पूर्वीचे अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर : ‘मयत व्यक्तींचा विषय या खात्याकडे येत नाही.’

महोदय,

१. आपल्या संघाचा प्रशिक्षक कोण असावा, हा प्रश्न नगरातील सुजाण नागरिकांनी परस्परांचा मान राखून, शांतपणे व सर्वानुमते सोडवावयाचा असतो, असे पर्सेवारू चाहता संघटनेच्या घटनेचे पहिलेच कलम आहे. या कलमाचे जाहीर वाचन सुरू असताना कॉफीच्या टपरीवरील एक बाक मोडला. बाक कोणी मोडला याबद्दल दोन मते आहेत.

२. अर्जदार मार्गोनो (आडनाव नाही) हे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवितात व सदर संघटनेचे चिटणीस आहेत. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नाही. त्यांना अर्ज लिहिता येतात म्हणून चिटणीस करण्यात आले. दुसरे कारण असे की, मयत पाक गिमान हे त्यांचे मेहुणे, म्हणजे थोरली बहीण बू तुमिनाह यांचे यजमान होत (‘पाक’ व ‘बू’ ही आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या नावाआधी लावतात ती संबोधने). पाक गिमान यांनी आयुष्यभर पर्सेवारूला खेळ शिकविला आणि या मोसमाच्या मध्यावर, संघ एका गोलने मागे असताना, मैदानाच्या कडेला बसल्या जागी प्राण सोडले. पंचांनी खेळ थांबविला नाही, कारण ते नेहमीच तसे डोके धरून बसत.

३. आपणांस ठाऊक आहेच की सामन्याच्या आधी बुजुर्गांच्या कबरीवर फुलांच्या पाकळ्या वाहून प्रार्थना करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याप्रमाणे अंत्यविधीनंतरच्या पहिल्या गुरुवारी संघटना पाक गिमान यांच्या कबरीवर गेली. प्रार्थना झाली. क्षमा मागून झाली. एवढ्यावर उठावयाचे असते. परंतु संघटनेचे अध्यक्ष पाक वारसितो यांना हातात भोंगा असला की थांबता येत नाही. ते भोंग्यातून म्हणाले, “पाक गिमान, आम्ही नवा माणूस ठरवेपर्यंत तेवढं संघाकडं बघा हं!” हजर सर्वांनी “आमीन” म्हटले. अर्जदारांनीही म्हटले.

४. परतताना प्रार्थना सांगणाऱ्या वृद्ध मोदिनांनी पाक वारसितो यांना बाजूस घेऊन विचारले, “काय बोलून बसलास बाबा तू? मेलेल्या माणसाकडं क्षमा मागायची असते. काम सांगायचं नसतं.” यावर पाक वारसितो यांनी, “अहो, बोलायची पद्धत असते ती,” असे उत्तर दिले.

५. दुसऱ्या दिवशी चार वाजता, सरावाच्या नेहमीच्या वेळी, ओल्या गवतावर अनवाणी पावलांच्या खुणा उमटू लागल्या. मयत इसम गवताचा ओलावा तळपायाने पाहात, हे सर्वश्रुत आहे. खुणा राखीव खेळाडूंच्या बाकापासून निघून कोपऱ्यातील झेंड्यापर्यंत गेल्या. परतीच्या नव्हत्या. सहायक प्रशिक्षकाने बचावात चौघे उभे राहतील असे शंकू मांडले होते. खेळाडू बूट बांधून येतात तो शंकू तिघांच्या हिशेबाने मांडलेले होते, कारण पाक गिमान चौघांचा बचाव हे भित्र्यांचे काम समजत. त्यानंतर आतला मणी हरवलेल्या शिट्टीचा तो घोगरा आवाज आला. तसा आवाज कारांगवारूत दुसऱ्या कोणाच्या शिट्टीचा नाही. ती शिट्टी बू तुमिनाह यांच्या कपाटात आहे.

६. सदर प्रकार अफवा समजून सोडून द्यावा असे आपल्या लिपिकांनी तोंडी सुचविले. त्यांच्या माहितीसाठी लीगकडून संघास आलेल्या लेखी ताकिदीची प्रत जोडली आहे. ‘प्रशिक्षकांसाठी आखलेल्या जागेत नोंदणी नसलेली एक अनवाणी व्यक्ती वारंवार उभी राहिली व सांगूनही बसली नाही’, असे तीत नमूद आहे. उजव्या बगलेच्या बचावपटूची तक्रार वेगळीच आहे. पाक गिमान चुकल्यावर डोक्यात दोन बोटांची टपली मारीत, ती आजही बसते. तो रडत अर्जदारांकडे आला तो भीतीने नव्हे. त्याचे म्हणणे, “मास्तर, आता तर पाय बरोबर टाकला तरी मारतात.”

७. मोदिनांना पुन्हा विचारले असता ते म्हणाले, “शब्द तुम्ही घातलात, मोकळं तुम्हीच करायचं. माणूस ठरवा, जाऊन सांगा. तो सरळ माणूस आहे, ऐकेल.” यावरून केवळ नवा प्रशिक्षक ठरविणे एवढेच काम उरले, व ते पर्सेवारूच्या चाहत्यांवर आले.

८. उमेदवार दोन होते. पहिले ब्राझीलचे एदिवाल्दो. दुसरे आपले जुने कप्तान त्रियोनो, जे सध्या बाजारात मागूरमासे तळून विकतात. मोटारसायकलवरून सवारी नेणारे कार्यादी हे ब्राझीलच्या बाजूचे. सभेतील चर्चेचा मासला सोबत वेगळा न जोडता येथेच देत आहे. कार्यादी : “ब्राझीलचा माणूस आहे. तिकडं पोरं आईच्या पोटातूनच लाथा मारत येतात.” पाक वारसितो : “मग आईलाच आण की, अनुभव तिला जास्त.” कार्यादी : “आणि तुमचा तो? मासे तळणारा संघ चालवणार?” पाक वारसितो : “निदान कधी उलटवायचं ते त्याला कळतं!” यानंतर सभा टपरीच्या मालकिणीने बरखास्त केली.

९. पुढच्या सभेत कशीबशी बहुमताने एदिवाल्दो यांची शिफारस ठरली. आपल्या कार्यालयानेही, चाहत्यांनी फोडलेल्या खिडक्यांचा मागील अनुभव ध्यानी घेऊन, शिफारस त्याच दिवशी मान्य केली. कार्यादी यांनी कबरीवर जाऊन तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी चार वाजता मैदानावर शिट्टी वाजली नाही. शंकू जागचे हलले नाहीत. गवतावर केवळ ब्राझीलच्या बुटांचे ठसे होते.

१०. त्या दुपारी बू तुमिनाह यांच्या घरी जे घडले ते त्यांच्याच शब्दांत देणे अर्जदारांना योग्य वाटते. माणूस गेल्यावर त्याचा जीव काही दिवस घराच्या आसपास असतो म्हणून आपण कॉफी ठेवतो. बू तुमिनाह रोज ठेवीत. “दिक,” त्या धाकट्या भावास, म्हणजे अर्जदारांस, म्हणाल्या, “इतके दिवस कॉफी ठेवली, पेल्यावर माशीसुद्धा बसली नव्हती. काल झाकण बाजूला होतं. अर्धी प्यायलेली. पुढच्या पायरीवर कोणीतरी टेकल्याचा आवाज आला, दमून बसतात ना तसा. मी आतूनच म्हटलं, भात वाढू का? मागं वळून बघितलं नाही, म्हटलं लाजेल. तेवढ्यात तुमच्या त्या मेल्या अध्यक्षाचा भोंगा वाजला.”

११. भोंग्याबाबत खुलासा असा : एदिवाल्दो यांनी पहिल्याच सरावात अध्यक्षांच्या पुतण्याला राखीव खेळाडूंत बसविले. सबब पाक वारसितो यांनी रस्त्यावरूनच ठराव रद्द झाल्याची घोषणा केली. ‘अजून कोणी ठरलेलं नाही! माणूस ठरायचाय!’ असे शब्द होते. ते बू तुमिनाह यांच्या पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू गेले. पायरीवरचा मनुष्य भातासाठी थांबला नाही. लगोलग मैदानावर शिट्टी वाजली आणि एदिवाल्दो यांनी त्याच आठवड्यात विमान धरले. जाताना ते मैदानाला हात जोडून गेले.

१२. येथवर प्रकरण दुःखाचे होते. यापुढे ते लाजेचे आहे. संघ जिंकू लागला. तळाला असलेला पर्सेवारू वर सरकू लागला, तसा सभांचा सूर पालटला. ‘पुढील प्रशिक्षक’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येई आणि कोणीतरी उठून ‘पुढच्या सभेत घ्यावा’ असे म्हणे. पूर्वी ज्यांनी एकमेकांवर चहा फेकला ते कार्यादी व पाक वारसितो आता खांद्यास खांदा लावून बसत. पाक वारसितो यांचे म्हणणे, “चांगलं चाललंय ते कशाला बिघडवायचं? जेवत नाही, रजा मागत नाही, पंचाशी भांडत नाही. असा प्रशिक्षक ब्राझीलमध्ये तरी मिळेल का?” कार्यादी म्हणाले, “आणि दौऱ्याला गाडीत जागाही अडवत नाही.” सभा हसली. अर्जदारांनी सभेचा वृत्तांत लिहिताना ‘सदस्य हसले’ असे लिहून खोडले.

१३. एका सभेस बू तुमिनाह स्वतः आल्या. टपरीवर बायका येत नाहीत असे नाही, पण त्या कधी आल्या नव्हत्या. त्या उभ्यानेच बोलल्या. “तुमचा संघ जिंकतोय. माझा माणूस घरी येत नाही. जिवंत होता तेव्हाही तुम्हालाच दिला होता, तेव्हा मी बोलले नाही. निदान सामना संपला की यायचा तरी. आता कोणीतरी एक नाव घ्या. चांगलं नको, नुसतं नाव घ्या.” कार्यादी यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पाक वारसितो म्हणाले, “बू, फक्त वरच्या लीगमध्ये जाईपर्यंत. मग मी स्वतः जाऊन त्यांचे पाय धरतो.” बू तुमिनाह म्हणाल्या, “पर्सेवारू वरच्या लीगमध्ये जाणार? मग मी कायमचीच बसले म्हणायची.” आणि निघून गेल्या. विषय पुढच्या सभेत घेण्याचे ठरले.

१४. त्यानंतर अर्जदार एकटेच मैदानावर गेले. सराव नव्हता, तरी चार वाजले होते. कोपऱ्यातील झेंड्याकडून गवत एकेक पाऊल दबत त्यांच्या दिशेने आले आणि हाताच्या अंतरावर थांबले. वारा नव्हता. अर्जदार मेहुण्यांना ‘मास’ म्हणत, तसे त्यांनी म्हटले. सांगण्याजोगे नाव मात्र नव्हते. काही विचारावयाचे आहे पण कोणाला विचारावे ते ठाऊक नाही, असा मनुष्य आपल्या कार्यालयाच्या दारात जसा उभा राहतो, तसे ते दबलेले गवत अर्जदारांपुढे उभे होते. मग एकेक पाते वर आले. मयत इसम कामावर परत गेले असावेत.

१५. बू तुमिनाह यांनी आता कॉफी ठेवणे बंद केले आहे. त्या म्हणतात, “कोणासाठी उकळू? मैदानावर नेऊन ठेवली तर तिथंच राहायची सवय लागेल.” दुपारी चार वाजता त्या घराच्या खिडक्या लावून घेतात, कारण शिट्टीचा आवाज घरापर्यंत येतो. अर्जदार तासाच्या मध्ये शाळा सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसतात. शिट्टी थांबली की बू तुमिनाह दिवा लावतात.

१६. वरील वस्तुस्थिती पाहता चाहत्यांवर विसंबण्यात अर्थ उरलेला नाही. पाक गिमान यांनी हयातभर या खात्याच्या शिक्क्याचा मान राखला. शिक्का पाहून ते भर तापातही सरावाला गेलेले आहेत. मोदिनांच्या मते असा शिक्क्याचा आदेश त्यांना पुरेसा होईल. सबब विनंती की :

(अ) पर्सेवारूसाठी कोणाचीही नेमणूक करावी. ब्राझीलचे चालतील, मासे तळणारे चालतील, आपल्या कार्यालयातील शिपाई मोकळे असल्यास तेही चालतील.
(आ) सदर नेमणूक भोंग्यावरून रद्द करता येणार नाही, असे आदेशात स्पष्ट लिहावे.
(इ) आदेशाची एक प्रत कबरीवर वाचून दाखविण्याची परवानगी अर्जदारांस असावी. भोंगा नेला जाणार नाही, याची हमी अर्जदार देतात.

संघ हरला तर हरेल. तो पूर्वीही हरत असे, आणि तेव्हा पाक गिमान संध्याकाळी घरी येत, पाय धूत व कोणाशीही न बोलता जेवत. बू तुमिनाह यांना तेवढेच पुन्हा एकदा हवे आहे.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही)
मार्गोनो
चिटणीस, पर्सेवारू चाहता संघटना
कारांगवारू, दि. ११ नोव्हेंबर २०१९

सोबत : १) लीगच्या ताकिदीची प्रत. २) उजव्या बगलेच्या बचावपटूचा जबाब. ३) मोदिनांचे मत (तोंडी, अर्जदारांनी लिहून घेतलेले).

ता. क. (दि. १८ नोव्हेंबर) : हा अर्ज आपल्या कार्यालयाच्या आवक खिडकीवर असतानाच असे समजले की, पर्सेवारूचा लीगमधील परवाना कालिमंतान बेटावरील एका कोळसा व्यापाऱ्यास विकण्यात आला असून संघ यापुढे तेथे, दुसऱ्या नावाने व दुसऱ्या रंगात खेळेल. खेळाडू काल बोटीने गेले. सबब आपल्या खात्याच्या दृष्टीने पुढील प्रशिक्षकाचे पदच उरलेले नाही व वरील विनंती निकालात निघाली, हे अर्जदार समजून आहेत. तथापि कबरीवर दिलेला शब्द चाहता संघटनेचा होता आणि संघटना अद्याप रद्द झालेली नाही. म्हणून चिटणीसांनी रीतसर सूचना देऊन काल टपरीवर सभा बोलाविली. पर्सेवारूचे पुढील प्रशिक्षक म्हणून श्री. मार्गोनो यांची निवड करण्याचा ठराव तीत मांडण्यात आला. ऑफसाइड म्हणजे काय हे श्री. मार्गोनो यांना अद्याप कळलेले नाही, ही हरकतही नोंदविण्यात आली. संघच नसल्याने ती फेटाळण्यात आली. ठराव एकमताने मंजूर झाला व आज दुपारी चारच्या आत कबरीवर कळविण्यात येत आहे. सभेस अर्जदारांखेरीज कोणीही आले नव्हते.