घाममाशीची ओळखपरेड

४ एप्रिल, सकाळी १०.४०
नोकरी जाऊन एकोणीस दिवस झाले. तब्येत उत्तम. वाईट वगैरे काही वाटत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा जागेवर असतो पण कळत नाही, तसं आहे. यालाच मनाचा कणखरपणा म्हणत असावेत.

सत्तावीस वर्षं बेअरिंगचे छर्रे तपासले. खड्डा, ओरखडा, डाग. पास, रिजेक्ट. आता ते काम कॅमेरा करतो. त्याला सेकंदाला चाळीस छर्रे दिसतात. दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं, एवढंच मी निरोपसमारंभात बोललो. टाळ्या पडल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या हातात केक होता.

आज गॅलरीत बसलो असताना कोपरावर एक माशी बसली. पाच-सहा मिलिमीटर. हिरवी, पण पानासारखी नाही, पॉलिश मारलेल्या धातूसारखी. घाम चाटत होती. खिशात भिंग होतं (कंपनीचं आहे, चुकून घरी आलंय, परत करायचं आहे). लावून पाहिलं. पाठीवर बारीक बारीक खड्डे. आयुष्यभर खड्डा दिसला की रिजेक्ट म्हटलं. ही खड्ड्यांनी भरलेली, आणि चांगली उडून गेली.

संकल्प : रविवारपर्यंत हिची प्रजाती ओळखणे. तसंच मेहुण्याला फोन करणे. त्याच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं तपासायला माणूस हवा आहे. वीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला आहे.

५ एप्रिल
नेटवर सापडली. इंग्रजीत स्वेट बी. आपण घाममाशी म्हणू. मधमाशांच्याच गणगोतातली, जमिनीत बिळं करून राहते, घामातल्या मिठासाठी माणसाच्या अंगावर येते. सारख्याच दिसणाऱ्या शेकडो प्रजाती आहेत आणि छोट्या, चकचकीत घाममाशांपुढे भलेभले तज्ज्ञ हात टेकतात, असं लिहिलंय.

तज्ज्ञांनी छर्रे तपासलेले नाहीत.

रविवार जरा घाईचा होईल. बुधवार धरू. मेहुण्याचा फोन या वेळी बिझी असणार, म्हणून केला नाही.

७ एप्रिल, दुपार
नमुना क्रमांक १ पकडला. औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून फ्रीझरमध्ये, मटारांच्या मागे. शास्त्रशुद्ध पद्धत हीच आहे.

संध्याकाळी ही कामावरून आली आणि मटार काढायला गेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुने तपासण्यात हिचं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे किंचाळली वगैरे नाही. लेबल कुठे आहे, एवढंच विचारलं. तारीख नाही, ठिकाण नाही, अशी बाटली आमच्याकडे आली तर आम्ही सरळ टाकून देतो, म्हणाली. मी म्हटलं, नमुना माझा आहे आणि मला माहीत आहे कुठून आला. ती म्हणाली, अहो, सगळ्यांना तसंच वाटतं. मग स्वतःच एक चिठ्ठी लिहून चिकटवली. अक्षर चांगलं आहे हिचं.

माझ्या भावाला फोन केला का, हेही विचारलं. उद्या करतो म्हटलं.

९ एप्रिल
नमुना १ रद्द. साधी माशी निघाली.

मधमाशीला पंख चार, माशीला दोन. मी चार मोजले होते. हिने चहा पिता पिता भिंगातून पाहिलं आणि दोन म्हणाली. परत मोजले. दोनच. छर्ऱ्यांना पंख नसतात, त्यामुळे या बाबतीत माझा सराव कमी आहे.

आजवरचं रिजेक्शन शंभर टक्के. नवीन लाइन सुरू करताना असं होतंच.

११ एप्रिल, दुपारी १
अडचण लक्षात आली. घाममाशी यायला घाम हवा. मी सत्तावीस वर्षं एसीच्या खोलीत काढली आहेत. मला घामच येत नाही.

उपाय : भर उन्हात गॅलरीत बसणे. बनियनवर स्वेटर. अधूनमधून बैठका.

दुपारी २.१५
अठ्ठावीस बैठका. समोरच्या गॅलरीतून निवृत्त मुख्याध्यापिका बघत होत्या. त्यांनी आधी विचारलं, बरं आहे ना. मी म्हटलं, माशांची वाट बघतोय. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुपारी ३
तीन आल्या. एक डाव्या दंडावर, दोन मानेवर. तिन्ही पकडल्या. पंख मोजले, प्रत्येकी चार. एक चावलीसुद्धा, पण फारसं काही वाटलं नाही. नमुना २, ३, ४.

आजचं काम पाहता अठरा तारखेपर्यंत प्रकरण निकालात निघेल. कदाचित नवीन प्रजातीच असेल. तसं असेल तर नाव मला द्यायला मिळेल. स्वतःचं द्यावं की हिचं, ठरवतो आहे.

१२ एप्रिल
मुख्याध्यापिकाबाईंनी हिला जिन्यात गाठून माझी चौकशी केली. हिने स्वेटर धुवायला टाकला आणि उन्हाळ्यापुरतं कपाटाला कुलूप लावलं.

१३ एप्रिल
ओळखतक्ता मिळाला. परदेशातल्या कुणा प्राध्यापकांनी केलेला आहे. एकामागून एक प्रश्न असतात. हो असेल तर इकडे जा, नाही असेल तर तिकडे. शेवटी नाव हातात पडतं.

चौथाच प्रश्न असा : पाठीवरच्या दोन खड्ड्यांमधलं अंतर एका खड्ड्याच्या रुंदीपेक्षा कमी आहे की जास्त?

हे वाचून मी थोडा वेळ उभा राहिलो. जगात कुणाला तरी हा प्रश्न पडला आहे आणि उत्तर देऊ शकेल असा माणूस या घरात आहे. अंतर जास्त. लगेच सांगितलं. मोठ्याने. घरात कुणी नव्हतं.

जेवताना ही तिच्या कामाचं काही सांगत होती. दुसऱ्या शहरात नवीन लॅब उघडते आहे, मुख्य म्हणून कुणाला तरी पाठवणार आहेत, असं काहीतरी. मी हं हं म्हणत होतो. डोक्यात पाचवा प्रश्न.

१५ एप्रिल
चौदाव्या प्रश्नावर अडकलो. मागचा भाग निस्तेज आहे, की किंचित निस्तेज?

किंचित म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? आमच्याकडे अशा वेळी मास्टर पीस असायचा, कपाटात, मखमलीवर. त्याच्या शेजारी ठेवून बघायचं. इथे मास्टर पीस कुणाकडे आहे ते तक्त्यात लिहिलेलं नाही.

किंचित धरून पुढे गेलो. एक प्रजाती निघाली. मग नुसतं निस्तेज धरून गेलो. दुसरी निघाली. तिसऱ्यांदा मन मोकळं ठेवून गेलो, तर नमुना ३ नर ठरला. मिशीला तेरा पेरं असली तर नर, बारा असली तर मादी. मी एकदा बारा मोजली, एकदा तेरा.

मेहुण्याचा फोन आला होता. मीच घेतला. म्हणाला, भाऊजी, येताय ना, झाकणं वाट बघतायत. मी म्हटलं, हातातलं एक काम संपवतो आणि येतो. तो म्हणाला, कसलं काम? मी म्हटलं, संशोधन. तो म्हणाला, बरं, वीस तारीख, सकाळी नऊ, लक्षात ठेवा.

समजूतदार माणूस आहे.

१७ एप्रिल
संग्रहालयात कीटक विभाग आहे आणि तिथे एक बाई या विषयातल्या जाणकार आहेत, असं कळलं. त्यांना दोन पानी मेल लिहिली. खड्ड्यांची मापं जोडली. उत्तर दोन ओळींचं आलं : वीस तारखेला सकाळी अकराला या. नमुने आणा.

वीस तारीख म्हणजे झाकणांची तारीख. पण तिथे दुपारी जाता येईल. नवीन प्रजाती सिद्ध झाली तर मेहुण्याशी बोलणंही वेगळ्या पातळीवर होईल.

नाव हिचंच द्यायचं ठरवलं. रात्री हिला सांगितलं की एका माशीला तुझं नाव देतोय. ही बॅगेची चेन तपासत होती. म्हणाली, बरं.

बॅग कशाला काढली होती कोण जाणे. साफसफाई असेल.

१९ एप्रिल
नमुने टाचणीवर लावले. घाममाशी इतकी बारीक की टाचणी आरपार घालता येत नाही. कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला डिंकाने चिकटवतात. डिंक थोडा जास्त झाला. नमुना २ चा चेहरा डिंकात गेला. नमुना ३ चा एक पाय माझ्या अंगठ्याला राहिला. नमुना ४ उत्तम. हिने चिठ्ठ्या लिहून दिल्या : तारीख, गॅलरी, पकडणाऱ्याचं नाव. आपलं नाव इतकं बारीक लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं.

२० एप्रिल, दुपारी १, बसमध्ये
थोडक्यात लिहितो.

संग्रहालयातल्या बाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. मायक्रोस्कोपखाली नमुना २ पाहिला. चेहरा नाही, म्हणाल्या. नमुना ३ पाहिला. ४ पाहिला, जरा जास्त वेळ. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तीन मिनिटं लागली.

तिन्ही माद्या. तिन्ही बहुधा एकच प्रजाती. कुठली, ते सांगता येणार नाही.

मी म्हटलं, खड्ड्यांमधलं अंतर. त्या म्हणाल्या, तुमची मापं बरोबर आहेत, मी तपासली. पण नुसत्या मापांनी होत नाही. या गटाची नीट मांडणीच कुणी केलेली नाही. मग मला उठवून मागे नेलं आणि एक कपाट उघडलं. ड्रॉवरमागून ड्रॉवर, सगळे हिरवे ठिपके. चार हजारांच्या वर आहेत, म्हणाल्या. सगळ्यांना कुळाचं नाव आहे, पुढे काही नाही. काही माझ्या आधीच्या सरांनी गोळा केल्यात. सर वारले.

मी विचारलं, मग तुम्ही यांचं करता काय? त्या म्हणाल्या, ठेवतो.

नवीन प्रजाती असू शकेल का, हेही विचारून घेतलं. म्हणाल्या, असू शकेल. चार हजारांत असतीलही काही. पण ते या जन्मात कळेल असं दिसत नाही. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आमच्याकडे चहा संपलाय असं सांगावं तसं.

नमुने ठेवून घेतले. तुमच्या चिठ्ठ्या फार छान आहेत, म्हणाल्या.

वाईट वाटलं नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दुपारी ४
मेहुण्याच्या कारखान्यात पोचलो. झाकणांच्या पट्ट्याजवळ एक बाई बसली होती, पांढरी टोपी घालून. झाकण उचलायची, फिरवायची, ठेवायची. हात चांगला होता. मेहुणा मला ऑफिसात घेऊन गेला. म्हणाला, भाऊजी, सकाळी नऊला येणार होतात. मी बारापर्यंत थांबलो. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. त्याने चहा मागवला. मग म्हणाला, ताईला सोडायला रविवारी गाडी पाठवू का?

मी विचारलं, कुठे सोडायला?



२० एप्रिल, रात्री ८
ही लॅबची मुख्य झाली आहे. नवीन शहरात, दोन वर्षांसाठी. रविवारी निघायचं. मला एकूण तीनदा सांगितलं, म्हणते. तुम्हीही चला, तिथे राहायला दोन खोल्या मिळतायत, असंही विचारलं होतं. मी बघू म्हणालो होतो. मला आठवत नाही. पण ही खोटं बोलणारी बाई नाही.

मी म्हटलं, अभिनंदन. ती म्हणाली, आभारी आहे. मग दोघं जेवलो.

२२ एप्रिल
हिने गॅस, पाणी, दूधवाला, डॉक्टर यांचे नंबर फ्रीजवर लावले. मी बॅगा बांधायला मदत केली. वजनाचा अंदाज माझा चांगला आहे.

मुख्याध्यापिकाबाई भेटायला आल्या. हिचा हात हातात धरून बराच वेळ रडल्या. त्यांची हिच्याशी एवढी ओळख असेल असं वाटलं नव्हतं. मी पाणी आणून दिलं.

२३ एप्रिल, रविवार
गाडी नको म्हणाली, त्यामुळे बसने. स्टँडवर अर्धा तास आधी पोचलो. मी दोन्ही बॅगा वर टाकल्या. खिडकीजवळची जागा मिळाली.

मी खाली उभा. तिने काच सरकवली. म्हणाली, एक विचारू? खरं सांगा. मी जातेय, तुम्हाला काय वाटतंय?

प्रश्न सरळ होता. बरं वाटतंय, की वाईट वाटतंय, की काहीच वाटत नाही. तीनच पर्याय. मी प्रामाणिकपणे बघायला लागलो. घाईने चुकीचं सांगण्यापेक्षा नीट बघून सांगावं, अशी माझी पहिल्यापासून पद्धत. ती थांबली होती. कंडक्टरने दोनदा बेल मारली. मी म्हटलं, बघून सांगतो.

ती म्हणाली, सावकाश बघा. काच लावून घेतली.

बस गेली. घरी आलो. आता रात्रीचे ११.२० झाले. अजून बघतोय.