यंदाचं वाण

अहो,

आईंच्या खोलीला कुलूप दिसणार नाही अन् आईही दिसणार नाहीत. घाबरू नका, माझ्यासोबत आहेत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून आईंचं कार्ड वाटलं, तर तुम्ही चिडलात. "आता गल्लीत तोंड कसं दाखवू?" म्हणालात. कार्डावर होतं काय? आईंचा फोटो, आपला नंबर, अन् एवढंच: 'आवडाबाई. अल्झायमर आहे, वेड नाही. कुठं चाललात, असं विचारू नका. चला, चहा घेऊ, म्हणा.'

आज सकाळी खोली उघडी ठेवून मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात आई थेट जळगाव रोडला! वाण घेऊन गेलेल्या फहमिदा भाभींच्या नवऱ्यानं, रिक्षावाल्या फारूखभाईंनी ओळखलं. त्यांनी ते कार्ड रिक्षाच्या काचेलाच चिकटवलंय. चहाचं नाव काढलं अन् आई रिक्षात चढून बसल्या. वीस मिनिटांत घरी! मागच्या साली आपण दिवसभर शोधत होतो अन् लोकांना सांगत होतो, आई माहेरी गेल्यात.

फहमिदा भाभींकडून हे ऐकून हर्सूलच्या बायकांनी आज संध्याकाळच्या हळदीकुंकवाला बोलावलंय. तिथंही दोन घरांत असंच कुलूप आहे म्हणे. मी बोलणार, आई चहा पिणार.

पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात आहे. कुलूप शोधू नका, भंगारवाल्याला देऊन टाकलं. तुमचं कार्ड ताटाखाली आहे. खिशात ठेवा, अन् कुणी विचारलं तर काढून दाखवा. म्हणा, ही माझी आई.

वैजयंता