राखजुटीचा निखारा कोणाच्या हाती

मी, सुमनबाई पितांबर महाजन, वय बहात्तर, राहणार चोपडा, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे.

१. राहते घर व केळीचा मळा मुलगा हितेंद्र याला. सोन्याच्या पाटल्या सून नूतन हिला. तिने त्या मोडू नयेत अशी इच्छा. मोडणार हेही ठाऊक आहे.

२. शिवणयंत्र शेजारच्या भिकुबाईला. जाऊबाई कमलबाईंना काही नाही. त्यांनी भरल्या पंगतीत माझ्या लोणच्याला नावे ठेवली होती.

३. आता मुख्य ठेव. हितेंद्रने कॉलेजात असताना फाशांचा एक खेळ घरी आणला. त्यात ऑर्क नावाचे हिरवे, सुळेवाले लोक होते आणि त्यांना काम एकच, मार खाऊन मरणे. मी भाकरी थापता थापता विचारले, "यास्ले माय नही शे का रे?" पोरे हसली. मग मीच त्यांना माय दिली, राखमाय. डोंगर जळाला, तिने राख मळून पाच कुळे घडवली. राख सगळी सारखी, म्हणून त्यांच्यात कोणी उच्च नाही. देऊळ नाही, चूल हेच ठाणे. जेवणाआधी ते मेलेल्यांची नावे घेतात. एरवी कुळे भांडतात, पण दुष्काळात एका पाणवठ्यावर येतात; तीच राखजूट. इतकी शहाणी माणसे मी आमच्या भाऊबंदकीत पाहिली नाहीत. मला त्यांचा फार अभिमान आहे.

४. दर रविवारी आमच्या ओसरीवर हितेंद्र व त्याच्या मित्रमंडळींचा खेळ चाले, एकेकाकडे एकेक कूळ. जुटीची मुख्य मी, म्हणून जुटीचा निखारा ठेवायचे मातीचे खापर माझ्यापाशी. ते ज्याच्याकडे, जूट त्याची. हितेंद्रने ते मागितले. फोनवर म्हणाला, "आई, मी तुझा मुलगा ना?" मी म्हटले, "म्हणून तर घर तुला." जुटीत निखारा रक्ताला जात नाही, रुसून गेलेल्या कुळाला जातो. जवळचे जवळ असतातच. रुसलेल्याने तो घेतला नाही, तर जूट मोडते.

५. रुसलेला एकच, घोणस कुळाचा म्होरक्या अतिक. खेळात त्याने पाणवठा अडवला, मी निवाडा त्याच्याविरुद्ध दिला, तो उठून गेला. नोकरीनिमित्त अमळनेरला असतो. दोन वर्षे ना तो आला, ना मी फोन केला. तेव्हापासून ओसरी रिकामी आहे आणि ते मला सोसत नाही. निवाडा बरोबरच होता. तरी माझ्या पश्चात खापर व जूट अतिकला.

६. वरील मजकूर वकील किरणभाऊंना दाखवला. म्हणाले, "अक्का, हे तुम्ही गेल्यावरच लागू होईल." मुख्याने स्वतः रुसलेल्याच्या दारी जायचे आणि निखारा जित्या हाताने द्यायचा, हा नियम माझाच आहे. मेलेल्या हाताचा निखारा ऑर्क विझलेला धरतात.

म्हणून कलम पाच रद्द. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे, तरी उद्या सकाळच्या एसटीने मी खापर घेऊन अमळनेरला जाते. अतिकने दार उघडले नाही, तर पायरीवर बसेन.

ठिकाण: चोपडा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: सुमनबाई पितांबर महाजन

साक्षीदार:
१. निंबा महाजन, पुतण्या. अक्कांनी माझ्यासमोर सही केली.
२. महेक शेख, राखजुटीतले तरस कूळ. माझ्यासमोर सही केली. अक्का एकट्या जाणार नाहीत, मी सोबत आहे.