डावीकडचे चेंडू

मंगळवार, ९ ऑक्टोबर २०१८. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. दुकानाचे मालक जेवायला घरी गेले आहेत आणि मी पाव-पाव किलो खिळ्यांच्या पुड्या बांधत होतो. बाविसावी पुडी बांधली, हात पुसले आणि लिहायला बसलो.

प्रिय ताई,

आधी बातमी, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला लागशील. मला नोकरी मिळाली आहे. टेबल टेनिसच्या क्लबात, प्रशिक्षक म्हणून, पगारी. (प्रशिक्षक हा शब्द कोशात बघूनच लिहिला आहे.) सोमवारी सकाळी नऊला सही करायला बोलावलंय. आईला अजून सांगितलेलं नाही, मालकांनाही नाही. जावं की नाही, ते तुझ्या उत्तरावर आहे. का ते सांगतो, पण माझ्या क्रमाने सांगू दे. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

कारखान्याच्या करमणुकीच्या खोलीतलं ते टेबल आठवतं? पाणी गळून एक कोपरा फुगलेला, तिथे चेंडू पडला की मेलाच. बाबांची पाळी सुटेपर्यंत, चार ते सहा, खोली आपली. तू पंधराची, मी अकराचा. तुझ्या तोडीचं खेळणारं कुणी नव्हतं म्हणून तू मला खोक्यावर उभं केलंस, कपड्यांची बादली चेंडूंनी भरून पुढ्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "बारक्या, तू खेळू नकोस. तू फक्त दे." मी दिले. तू म्हणशील तिथे, एकामागून एक. चेपलेले चेंडू आपण गरम पाण्यात टाकून फुगवायचो आणि आई ओरडायची, "मेल्यांनो, माझ्या चहाच्या पातेल्यात काय शिजवताय?" खेळ संपला की टेबलाखालून, कपाटामागून सगळे गोळा करून मोजायचे. एकशे दहा. एक कमी भरला तरी मी रडकुंडीला यायचो, आणि तू तो हळूच खिशातून काढायचीस. मग घरी येऊन माझा गृहपाठ. गणिताने नववीत माझी शाळा सोडवली, पण शुद्धलेखन राहिलं ते तुझ्या त्या संध्याकाळींमुळे. आजही कुठे कोऱ्या लाकडाचा आणि रबराचा वास आला की वाटतं, चार वाजले.

तर क्लब. दारावर कागद चिकटवलेला होता, पगारी प्रशिक्षक पाहिजे. तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो, चौथ्यांदा आत गेलो. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "कुठल्या स्पर्धा खेळलात?" म्हटलं, एकही नाही. "मग आलात कशाला?" म्हटलं, मला चेंडू देता येतात. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रद्दी न्यायला आलोय. तेवढ्यात आतून काठी टेकत म्हातारे कोच आले. त्यांचा गुडघा गेलाय, म्हणून तर माणूस हवंय. म्हणाले, "बघू तरी." एका तेराएक वर्षांच्या मुलीशी त्यांनी मला खेळायला लावलं. ताई, मी अकरा-चारने हरलो. हात ऐकेचना. चेंडू तिला मारता येईल अशाच जागी जायचा, सवयीने. म्हातारे हसून हसून खोकायला लागले. "अहो, तुम्ही खेळताय की पाहुण्यांना वाढताय?"

मी बॅट ठेवून निघालोच होतो. पण त्यांनी पायाने टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आता तुमचं ते 'देता येतं' दाखवा." दहा चेंडूंत मला कळलं की मुलीची डावी बाजू लंगडी आहे. उजवीकडे वीज, डावीकडे घाबरगुंडी. मी डावीकडेच द्यायला लागलो. आधी अगदी हळू, मग जरा जोरात, मग जरा लांब. ती चिडली, म्हणाली, "दादा, उजवीकडे द्या ना एखादा!" मी दिला नाही. दोनशे चेंडू झाले तेव्हा ती डावीकडून मारत होती आणि स्वतःच्याच हाताकडे बघत होती. म्हातारे म्हणाले, "सोमवारपासून या. हिची निवड चाचणी डिसेंबरात आहे, ती तुमच्याकडे." आणि मग विचारलं, "कच्च्या बाजूला इतक्या धीराने देणं कुठे शिकलात?" मी खाली पडलेले चेंडू टोपलीत भरले आणि निघालो. घरापर्यंत चालत आलो, बस सुटली तरी कळलं नाही.

उत्तर तुला देतो, कारण ते तुझंच आहे. तुझ्या निवड चाचणीच्या आधी बाबा आईला म्हणाले होते, "पोरगी निवडली गेली तर दोन वर्षं तिकडे प्रशिक्षणाच्या वसतिगृहातच राहील." मी भिंतीपलीकडे होतो. तुझी डावी बाजू कच्ची आहे, हे तुझ्याइतकंच मलाही माहीत होतं. त्यानंतरचे चौदा दिवस मी तुला एकही कठीण चेंडू डावीकडे दिला नाही. तू "डावीकडे" म्हणायचीस, मी सोपा, उंच टाकायचो, आणि पुढचे सगळे उजवीकडे. तू किती खूश होतीस! "बारक्या, काय हात बसलाय बघ माझा!" चाचणीत त्या उंच मुलीने तुला डावीकडेच धरलं. तू घरी आलीस, बॅट मला दिलीस आणि पुन्हा कधी मागितली नाहीस. मला हवं होतं तसंच झालं, तू राहिलीस. लग्नात मावशीला तू हसत म्हणालीस, "माझी डावी बाजूच कच्ची हो, कुणाला काय बोल लावणार." मी तेव्हा खुर्च्या मोजत होतो, मोजतच राहिलो. ताई, ती कच्ची राहिली नसती. चौदा दिवसांत ती पक्की झाली असती, परवा मी त्या मुलीची दोनशे चेंडूंत होताना बघितली आहे. माफी मागायला लिहिलेलं नाही, ती तू लगेच देशील, मला ठाऊक आहे. मला एवढंच विचारायचंय की माझ्या हातात कुणाची मुलगी द्यावी का. हे तुझ्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. घाईने लिहू नकोस, पण शनिवारपर्यंत मिळेल असं लिही. नाही म्हणालीस तर मी सोमवारी जाणार नाही, आणि कारण क्लबात सांगून येईन.

तुझाच,
बारक्या

तू पाठवलेले: ५००
बस, जाऊन-येऊन, चार खेपा (शेवटची परतीची चालत): ४२
फोटो: ६०
झेरॉक्स: १२
बुटांचे तळवे: १५०
एकूण खर्च: २६४
उरले: २३६, पाकिटात वेगळे ठेवले आहेत.
तुला परत करायचे: ५००. नोकरी घेतली तरी, नाही घेतली तरी.
पैशांचं देणं एवढंच.