डाव्या हाताची खाच

तात्या,

आज रविवार आहे आणि ती अजून आलेली नाही. तिची यायची वेळ केव्हाच टळून गेली. एरवी फाटकाबाहेर स्कूटर थांबते, कडी वाजते आणि पाठोपाठ "मॅडम, चहा झाला का?" अशी हाक येते. आज नुसता मागच्या गल्लीतला काँक्रीटचा मिक्सर गरगरतो आहे. आपल्या धायरीत हल्ली एकही दिवस त्याच्यापासून सुटका नाही. मी शेडमध्ये तुमच्या स्टुलावर बसले आहे. समोर बँडसॉची करवत बंद आहे आणि तिच्या टेबलावर तानपुरीच्या खुंट्या कापायचा साचा, तुमची ती जिग, पडली आहे. काल दुपारी मी ती त्या मुलीच्या हातातून हिसकावून घेतली आणि जिथे ठेवली तिथून अजून हलवलेली नाही.

ही मुलगी माझी विद्यार्थिनी. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, पाहिलं असतं तर आधी नाक मुरडलं असतं. अकोल्याची आहे, इथे एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, नऱ्ह्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. गेल्या वर्षी गाणं शिकता शिकता तानपुरीची खुंटी बसवून घ्यायला म्हणून आली आणि गेलीच नाही. शनिवार-रविवार येते. पहिले काही महिने मी तिला फक्त पटाश्यांना धार लावायला बसवलं, म्हटलं कंटाळून जाईल. ती कंटाळली नाही. तिचा हात चांगला आहे, तात्या. रंधा मारते तेव्हा खांद्यातून मारते, तुम्ही मारायचात तसा, आणि कुणी शिकवल्याशिवाय. माझ्या मागे ही शेड कुणी उघडेल असं मला वाटायला लागलं होतं, ते तिच्यामुळे. आता ते वाटणं आजच्या दिवसावर येऊन थांबलं आहे.

काल काय झालं ते सांगण्याआधी मला मागे जायला हवं, कारण कालचं भांडण काल सुरू झालेलंच नाही. मी नुकतीच कॉलेज संपवून घरी बसले होते. तुम्ही कंपनीच्या टूलरूममधून फर्स्ट शिफ्ट करून यायचात, तोंड धुऊन शेडमध्ये शिरायचात आणि मी तुमच्या मागून. सरस शिजवायला मी होते, भोपळ्यावरची तबली काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायला मी होते, सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांनी जोड आवळायला मी होते. टूलरूमच्या माणसाचं डोकं तुमचं. कुठलंही काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की तुम्ही आधी त्याची जिग करणार. सारख्या खाचा पाडायची जिग, दांडीला सारखा बाक द्यायची जिग, आणि सगळ्यांत देखणी ती खुंट्यांची. शिसवीचा लहानसा तुकडा त्यात तिरका बसवायचा, डाव्या हाताने जिगचा सागाचा ठोकळा धरायचा आणि पात्यावरून अलगद पुढे सारायचं. एकसारख्या निमुळत्या खुंट्या पडत जायच्या. त्या ठोकळ्यावर तुमच्या बोटांचे खळगे होते, घासून घासून तेलकट काळे झालेले.

त्या दिवशी सदाशिव पेठेतले ते म्हातारे गवई तानपुरीचा नाद खुलावा म्हणून जवारी काढून घ्यायला आले होते. खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तुम्ही घोडीवर कानस फिरवत होता, तारेखाली सूत सरकवून पुन्हा पुन्हा ऐकत होता. मला वाटलं, तेवढ्यात आपण उरलेल्या खुंट्या कापून टाकाव्यात. जिग उचलली, बटणाकडे हात नेला, आणि तुम्ही ओरडलात. "ठेव ते खाली. बाईमाणसाचं काम नाय ते. जा, भाकरी टाक, पाव्हणं जेवायला थांबल्यात." गवयांनी डोळे उघडले. म्हणाले, "अहो, मुलीचा हात बरा दिसतोय तुमच्या. भाकरी काय, मीही टाकीन." तुम्ही हसला नाहीत. मी जिग ठेवली. भाकरी टाकल्या, आणि त्या इतक्या करपवल्या की आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर मी शेडमध्ये कामाला म्हणून आले नाही. पुढे लग्न, पतसंस्थेतली नोकरी, दुसऱ्यांचे व्याजदर. उमेदीची वर्षं मी काचेच्या खिडकीमागे बसून काढली आणि रोज कधी ना कधी ते वाक्य आठवलं. मी तुमचा राग केला, तात्या. तो मवाळ शब्दांत सांगण्यात अर्थ नाही.

त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही स्वयंपाकघरात आला होता. मी कणीक मळत होते. तुम्ही परातीतून एक गोळा तोडून माझ्या डाव्या हातात दिलात आणि म्हणालात, "मूठ आवळ." मी आवळली. तुम्ही तो गोळा तळहातावर सांभाळत घेऊन गेलात, आई मागून म्हणाली, "आता अन्नाची पण जिग करणार का?" मग एका सकाळी ओट्यावर पटाशी ठेवलेली दिसली, नवी, आणि तिची मूठ माझ्या हाताची. प्रत्येक बोट जिथे पडायला हवं तिथे पडत होतं.  मी ती सासरी नेली आणि कपाटात टाकून दिली. बाईमाणसाचं काम नाही म्हणणाऱ्याने पटाशी कशाला द्यावी, हा माझा हिशेब. आज रोज वापरते.

तुम्ही गेलात, आई एकटी पडली म्हणून मी इकडे राहायला आले आणि एक दिवस शेड उघडली. तुमच्या अर्धवट राहिलेल्या तानपुऱ्या समोर ठेवून उरलेलं काम शिकले. सगळ्यांत आधी काय केलं असेल तर ती जिग उचलली. आता अडवायला कोण होतं? ठोकळा डाव्या हातात घेतला. अंगठ्याचा खळगा मिळाला, मधलं बोट, अनामिका, करंगळी, सगळे मिळाले. अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये एक खोल खाच होती. तर्जनी तिथे आपसूक गेली, इतकी आरामात की ती खाच तिच्यासाठीच केली आहे असं वाटावं. मशीन चालू केलं, जिग सारली. पातं लाकूड कापून त्याच खाचेतून बाहेर पडलं. नखाचा तुकडा आणि बोटाचं टोक गेलं. थोडक्यात निभावलं, कारण मी नवखी होते आणि भीत भीत सारत होते. सराईताने सारली असती तर पेर गेलं असतं.

बोट फडक्यात गुंडाळून घरात आले आणि आईला म्हटलं, विळीवर कापलं. आईने फडकं सोडून पाहिलं. म्हणाली, "विळीवर का. त्यांचं चरकात गेलं होतं, तुझं विळीवर." आणि मग तिने सांगितलं. मामाच्या गुऱ्हाळात उसाच्या चरकात तुमची तर्जनी गेली, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो होतो, ते खोटं होतं. ती याच बँडसॉवर गेली होती, मी पाळण्यात असताना. टूलरूमचा माणूस, दुसऱ्यांना सेफ्टी शिकवणारा, आणि घरच्या मशीनवर बोट घालवून बसला, हे कंपनीत कळलं असतं तर लोकांनी तुम्हाला रिटायर होईपर्यंत सोडलं नसतं. म्हणून चरक. जिग तुम्ही त्यानंतर केलीत, उरलेल्या हाताच्या मापाने. तुमच्या हाताला जिथे बोट नव्हतं तिथून तुम्ही पात्याला वाट करून दिलीत. आणि त्या दिवशी गवयांसमोर मी ती उचलली तेव्हा पुढे काय होणार हे तुम्हाला लख्ख दिसलं.

हे कळल्यावर माणसाने विरघळून जायला हवं ना? बापाने बोट वाचवलं म्हणून. मी विरघळले नाही, आणखी चिडले. एक वाक्य होतं, तात्या. "ही माझ्या हाताची आहे, तुझं बोट जाईल." तेवढं म्हणायला तुम्हाला हात वर करून दाखवावा लागला असता. ते नको म्हणून तुम्ही मला बाईमाणूस केलंत. मला आता स्पष्ट आठवतं, ओरडून झाल्याबरोबर तुमचा डावा हात खाकी कोटाच्या खिशात गेला होता. फोटोतही तो कुठे दिसत नाही. कणकेच्या गोळ्यावरून दुसऱ्याच्या हाताची मूठ करणारा माणूस तुम्ही, माझ्या हाताची जिग करायला तुम्हाला एक सुट्टी पुरली असती.

पण मग मी तरी काय केलं? मीही नवी जिग केली नाही. तर्जनी आत दुमडून तीच वापरत राहिले. खुंट्या सुरेख पडतात, शेड बघायला येणाऱ्यांना मी ती कौतुकाने दाखवते, आमच्या तात्यांची करामत म्हणून. खाच कशासाठी असं कुणी विचारलं तर भुसा बाहेर पडायला, असं सांगते. आता मंडईत भाजी निवडतानाही बोट दुमडलेलंच असतं. भाजीवाली एकदा म्हणाली, "ताई, बोटाला लागलंय का?" मी म्हटलं, हो.

आणि काल. मी पाठमोरी होते, स्टोव्हवर सरस हलवत होते. मशीन चालू झाल्याचा आवाज आला, वळून पाहिलं तर ती जिग घेऊन उभी, लाकूड बसवलेलं, आणि तर्जनी खाचेत. आरामात. जिग पात्याकडे सरकायला लागली होती. ओरडता येईना. ओरडले असते तर ती दचकली असती आणि दचकून हात पुढेच गेला असता.  तिच्या मागून, तिला दिसणार नाही अशी, भिंतीला धरून मेन स्विचपर्यंत गेले आणि तो पाडला. पातं लगेच थांबत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते फिरता फिरता मंदावत होतं, ती "लाइट गेली का?" म्हणत अजून सारतच होती, आणि मी वरून मनगट धरून तिचा हात मागे खेचला. बोटाला काही झालं नाही. मी जिग हिसकावली आणि माझ्या तोंडून आलं, "ठेव ते खाली. तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांचं काम नाही हे. आठवडाभर माऊस फिरवायचा आणि सुट्टीच्या दिवशी कारागीर व्हायचं."

तिने मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाली, "काहून पण, मॅडम? काही रीझन तर सांगा न."

मी तुम्हाला हे कधी विचारलं नव्हतं. मी भाकरी करपवल्या, लग्न केलं, निघून गेले, पण का, असं विचारलं नाही. तिने विचारलं, सरळ उभी राहून.  माझा डावा हात एप्रनच्या खिशात होता. केव्हा गेला कळलंच नाही. तिने सॅक उचलली, "ठीक आहे" म्हणाली आणि गेली. संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसले. दोन ओळी लिहायच्या होत्या. त्या पुसत राहिले, आणि आज सकाळी तुम्हाला इतकं सगळं लिहिलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही उलटून विचारत नाही.

सकाळी मी कणीक मळली तेव्हा एक गोळा बाजूला काढला. ओल्या फडक्याखाली इथे बँडसॉजवळ ठेवला आहे. ती आली तर तिला म्हणणार, मूठ आवळ. तिला वाटेल बाईचं डोकं फिरलं. वाटू दे. पण तिने "का?" असं विचारल्यावर मला हात पुढे करायचा आहे, टोक गेलेल्या बोटासकट, आणि चरकाचीही गोष्ट सांगायची आहे. तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता सांगणार आहे, राग मानू नका. मी फडकं पुन्हा पुन्हा भिजवते आहे, गोळ्याला वरून साय धरायला लागली आहे.

बाहेर स्कूटर थांबली. मिक्सरच्या आवाजात नक्की कळत नाही, पण थांबली. हो, कडी वाजली. आज चहाची हाक नाही. आणि तात्या, कडी वाजली तेव्हा माझा डावा हात ओढणीखाली गेला. आत्ता, हे लिहितानाही, तो तिथेच आहे.