मनोऱ्याखाली उभं राहून

हाले, १२ नोव्हेंबर १९७१

चि. हिल्डे हिस,
अ. उ. आ. वि. वि.

इर्मगार्ड तुला लिहायला बसली होती, पण मीच तिला अडवलं. बातमी वाईट आहे आणि माझ्या तोंडाची आहे, तेव्हा माझ्याच तोंडून कळावी. बाजारचौकात ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकलं आणि मी तोंडावर आपटलो. हातपाय शाबूत आहेत. वरचे पुढचे दात गेले. डॉक्टरने कवळी बसवली आहे. तिने पाव चावता येतो. पण ट्रॉम्बोन ओठाला लावला की फुटक्या भात्यासारखी नुसती हवा निघते.

याचा अर्थ तुला सांगायला नको. नाताळाआधीचे चार रविवार तोंडावर आलेत, आणि बाजारचर्चच्या दोन मनोऱ्यांमधल्या पुलावर स्तोत्रं वाजवायला या वर्षी तिघंच उभे राहणार. खर्ज माझा. तो नसला तर बाकीचे तिघे म्हणजे जोत्याशिवाय घर. पाद्रीबाबा चर्चसंगीताच्या शाळेत जाऊन आले. तिथले मास्तर म्हणाले की कुणाला तरी पाठवतो. कुणाला पाठवतात देव जाणे.

परवा मी उगाचच वर जाऊन आलो. कठड्यावर डावं कोपर टेकतं ना, तिथे दगडात खळगा आहे. तो माझा नव्हे. बाबांचाही नव्हे, ते वाजवायला लागले तेव्हाही तो होताच, असं ते सांगायचे. शहराचे जुने वाजवणारे, त्यांचे गुरू, त्या गुरूंचे गुरू, सगळ्यांनी कोपरं टेकून तो केलेला. त्यात कोपर ठेवून थोडा वेळ उभा राहिलो आणि वाजवण्यासारखं काही नसल्यामुळे खाली आलो.

तुझ्या दर्यावर्दी यजमानांना, क्लाउसला नमस्कार. लोभ आहेच, दात गेले म्हणून त्यात कपात करू नकोस.

तुझा दादा,
राइनहोल्ड


रोस्टॉक, १७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग, खरं सांगते, हसले. तू वहिनीला अडवलंस खरं, पण तिचं पत्र तुझ्या आधीच येऊन पडलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. ती लिहिते की तू सूप अर्धं टाकून उठतोस आणि कोठीत ट्रॉम्बोनच्या पेटीशेजारी जाऊन बसतोस. या वयात रुसून कोठीत बसणं शोभतं का? धुरावलेले मासे पाठवते आहे. क्लाउस म्हणतो, यांना दात लागत नाहीत.

दादा, एक विचारू? तू ते वाजवणं कधी ऐकलं आहेस का? म्हणजे खालून. बाबा वाजवायचे तेव्हा तू त्यांच्या शेजारी कंदील धरून उभा असायचास, आणि पुढे तूच वाजवायला लागलास. मी आणि आई मात्र खाली चौकात, आईच्या दुकानातल्या काकडीच्या लोणच्याच्या पिंपाशी. पहिला सूर आला की आई हातातला डाव तसाच धरून उभी राहायची. गिऱ्हाईकही बोलायचं नाही. समोरच्या मांस विकणाऱ्या बाईचा आवाज सगळ्या चौकाला पुरायचा, पण तीसुद्धा गप्प व्हायची. खाली काय होतं ते मला कधी सांगता आलं नाही. सांगायला गेले की तू म्हणायचास, मला काय सांगतेस, मीच तर वाजवतो.

या वर्षी खाली उभा राहा. मला थंडीत प्रवास झेपत नाही, नाहीतर हाताला धरून नेलं असतं.

वहिनीला खूप प्रेम. तुझं माझ्यावर आहे तितकंच राहू दे, जास्त झालं तर मला संशय येईल.

तुझी,
हिल्डे


हाले, २३ नोव्हेंबर

चि. हिल्डे,
अ. आ.

मासे पोहोचले, संपलेही. आता ऐक. शाळेने एक मुलगी पाठवली आहे. नाव गेझीने, आल्टमार्ककडची. काडीसारखी, चष्मा, आणि पाठीवर तिच्याहून मोठी पेटी. मी म्हटलं, वर वारा सुटला तर ट्रॉम्बोन तुला धरेल की तू ट्रॉम्बोनला? ती हसली नाही. जिने चढताना मात्र बाकीच्या तिघांआधी वर पोहोचली.

थंडीत ट्रॉम्बोनची ओठाला लावायची वाटी काखेत गरम ठेवायची, वाऱ्याकडे तोंड करून वाजवायचं नाही, हे सगळं मी सांगितलं. मग तिने पहिला खर्ज लावला. हिल्डे, माझ्या पायाखालचा दगड घुमला. इतकी वर्षं मी तिथे वाजवलं, पण ते घुमणं आपल्या छातीतलं आहे असंच मला वाटायचं. खरोखर तो दगड घुमतो. मी कठडा धरून उभा राहिलो.

इथवर ठीक होतं. पण ती स्तोत्राच्या प्रत्येक ओळीनंतर थांबते. श्वासापुरती नव्हे, चांगली थांबते. मी हाताने ताल धरून पुढे ढकलतोय आणि बाई ढिम्म. तिचं पाहून बाकीचेही थांबायला लागले. शाळेत त्यांना शिकवतात म्हणे, दगडी जागेत आधीची ओळ निघून गेल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही. मी म्हटलं, तुमच्या शाळेत शेगडी असते. इथे थांबलं की ओठ गोठतात.

तर ती अगदी शांतपणे म्हणाली, “आपण थांबलो म्हणून सूर थांबत नाही, आजोबा. तो कुठेतरी जात असतो.”

माझ्याच पुलावर मला शिकवते. मी टोपी घातली आणि उतरून आलो. रविवारी ते चौघं काय करायचं ते करोत. मी घरी बसणार आहे.

इर्मगार्ड माझ्याशी बोलत नाही. निदान तू तरी माया ठेव.

राइनहोल्ड


रोस्टॉक, २५ नोव्हेंबर

ती. दादास,
घाईत नमस्कार.

ट्रामखाली सापडला नाहीस यातच आम्ही सुख मानलं होतं, आता हे नवीन. त्या मुलीने तुला आजोबा म्हटलं, हेच तुला जास्त लागलं असणार. रविवारी घरी बसलास तर यापुढे मी फक्त वहिनीला लिहीन आणि तुझा उल्लेखही करणार नाही.

जा आणि ऐक. माया मिळेल ती जाऊन आल्यावर.

हिल्डे


हाले, २९ नोव्हेंबर

प्रिय हिल्डे,
आशीर्वाद द्यायला आज हात धजत नाही. धाकटी असून तू इतकी वर्षं हे जाणत होतीस.

काल मी मधाचा केक आणण्याच्या निमित्ताने बाहेर पडलो. इर्मगार्डने गळपट्टा आणून दिला. चौकात धुकं होतं, माणसं पुष्कळ. चर्चसमोर चौकात एकटा उभा आहे त्या लाल मनोऱ्याच्या पायाशी उभा राहिलो. वर पाहिलं तर पूल दिसतच नव्हता.

आणि तिथून, जिथे काहीच नव्हतं तिथून, पहिली ओळ आली. हे आपल्या पितळेतून निघतं असं मला शपथेवर कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. माझ्या शेजारी एक माणूस चिरूट पेटवत होता. त्याची काडी जळत बोटापर्यंत आली तरी त्याला कळलं नाही.

ओळ संपली. ते थांबले. आणि हिल्डे, माझ्या पाठीमागे दुसऱ्या कुणीतरी तीच ओळ वाजवली. हळू, लांबून, जणू चर्चसमोरच्या घरांच्या रांगेत आणखी चौघं बसले आहेत. मी खरोखर वळून बघितलं. तिथे बंद दुकानं आणि भिंती. मग ते उत्तर डावीकडे सरकलं, आमच्या डोक्यावरून परत चर्चकडे गेलं, आणि ते तिथे पोहोचल्यावरच वरच्यांनी दुसरी ओळ धरली. प्रत्येक ओळीला असं उत्तर मिळत होतं. बाबांना हे ठाऊक नव्हतं, मला नव्हतं. पण ज्यांनी कुणी पहिल्यांदा त्या पुलावर जाऊन वाजवायचं ठरवलं, त्यांना ठाऊक असलं पाहिजे. त्यांनी सगळा चौकच वाजवायला घेतला होता.

मी माझा खर्ज शोधत होतो. म्हणजे तिचा. कानाला तो वेगळा लागेना. वाटलं, पोरगी घाबरली, वाजवतच नाही. मग लक्षात आलं की माझे पाय थरथरताहेत, आणि थंडीने नव्हे. तो कानाकडे येत नाही. तो फरशीतून बुटात येतो. त्या एवढ्या माणसांपैकी एकालाही खर्ज ऐकू येत नव्हता, आणि सगळे त्याच्यावर उभे होते.

शेवटचा सूर भिंतींनी परत दिल्यावरही कुणी हललं नाही. आईचा डाव आठवला. मग ट्रामवाल्याने घंटा दिली आणि माणसं पुन्हा बोलू लागली.

गेझीने खाली आली ती नाक लाल, चष्म्यावर धुकं. मला तिथे पाहून आधी दचकली. मग विचारलं, थांबणं फार लांबलं का. मला बरंच काही सांगायचं होतं. पण कवळी बसवल्यापासून बोलताना शब्द घसरतात. मी तिची पेटी माझ्या खांद्यावर घेतली आणि एवढंच म्हणालो, “पुढच्या रविवारी आणखी थोडं थांब.”

तिथून तिला आमच्याकडे जेवायलाच घेऊन आलो. इर्मगार्ड तिच्या ताटात वाढता वाढता मला विसरली.

प्रवासाचं बघ. जमलं तर चौथ्या रविवारपर्यंत ये, मी स्टेशनवर येईन. आपण दोघं पिंप असायचं त्या जागी उभे राहू आणि मी तुला एक शब्दही सांगणार नाही.

तुझा,
दादा